बिऱ्हाड हलवता येईल काय?

२२ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर ही दुसरी अमेरिकन कंपनी ताब्यात घेतली. व्यापारी जगातील एका मोठ्या खरेदीची ही वार्ता. शिक्षकांनी, कारकुनांनी वा विद्यार्थ्यांनी तिची दखल का घ्यावी, असे कोणी विचारले तर ते वावगे म्हणता येणार नाही. परंतु ज्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांचे गुण, कर्मचाऱ्यांची पगारपत्रके आणि पतपेढीच्या ठेवीदारांची खाती ठेवलेली असतात, ते सर्व्हर आज पुष्कळदा स्वतंत्र यंत्रे नसतात. एका मोठ्या यंत्रात थाटलेली ती बिऱ्हाडे असतात. वाडा कोणाचा, भाडे कोण ठरवणार आणि मालकाशी बिनसले तर सामानासकट बाहेर पडता येईल काय, हे प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचे राहत नाहीत.

तंत्रज्ञ ज्याला ‘व्हर्च्युअलायझेशन’ म्हणतात त्याला मराठीत ‘आभासीकरण’ असा शब्द वापरतात. शब्द थोडा फसवा आहे. कारण यातील काम खरेच असते, आभासी असते ते फक्त यंत्राचे वेगळेपण. एका सर्व्हरवर ‘हायपरवायझर’ नावाची आज्ञावली बसवली जाते. ती त्या यंत्राची गणनशक्ती, स्मृती आणि साठवण यांचे वाटे पाडते आणि प्रत्येक वाट्यावर एक स्वतंत्र यंत्र उभे असल्याची बतावणी करते. एका बिऱ्हाडात परीक्षा विभाग, दुसऱ्यात ग्रंथालय, तिसऱ्यात लेखाशाखा. शेजारी काय शिजते आहे याचा एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. पूर्वी प्रत्येक कामासाठी निराळे यंत्र घेतले जाई आणि ते बराच काळ रिकामे बसे. आता एका यंत्रावर अनेक कामे चालतात, वीज व जागा वाचते, आणि एखादे यंत्र दुरुस्तीला काढायचे झाल्यास त्यावरील बिऱ्हाडे चालू स्थितीतच दुसऱ्या यंत्रावर नेता येतात.

मिरास कोणाची?

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हाच ती बाजारात आली होती. पण इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर अशा वाटणीसाठी रचलेलेच नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ही अडचण चतुर आज्ञावलीच्या जोरावर ओलांडली. १९९९ मध्ये तिचे पहिले उत्पादन निघाले आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठीचे. त्या काळी या क्षेत्रात तिला तोड नव्हती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

पुढे परिस्थिती पालटली. २००५ आणि २००६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी आभासीकरणाची सोय प्रोसेसरमध्येच करून दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथील एका कंपनीने केव्हीएमचा आधार घेणारे प्रॉक्समॉक्स प्रसिद्ध केले. ॲमेझॉनची मेघसेवा प्रारंभी इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या हायपरवायझरवर चालत असे. २०१७ मध्ये तिने नव्या यंत्रांसाठी केव्हीएमवर आधारलेली रचना पत्करली. तात्पर्य, यंत्राचे वाटे पाडण्याचे मूळ काम आता कोणा एकाची मिरास राहिलेली नाही. फरक उरला आहे तो व्यवस्थापनाच्या साधनांत, मदतीत आणि परवान्याच्या अटींत.

आणि नेमक्या या अटींनीच अनेक संस्थांची झोप उडवली. मालकी बदलल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २०२३ मध्ये, व्हीएमवेअरच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्याजवळ असे परवाने होते ते त्यांना वापरता येत होते. पण त्यांवरील मदतीचा करार संपल्यावर तो वाढवून मिळणार नव्हता. पुढे जे काही घ्यायचे ते मुदतीच्या वर्गणीनेच घ्यायचे. मोजणी प्रोसेसरमधील गाभ्यांवर, आणि एका प्रोसेसरला किमान सोळा गाभे धरून. तुमच्या प्रोसेसरात आठच असले तरी पैसे सोळांचे. सुटी उत्पादने मोडीत काढून मोजकी गाठोडी बांधण्यात आली. एटी अँड टी या अमेरिकेतील बलाढ्य दूरध्वनी कंपनीलाही मदतीच्या करारासाठी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो वाद पुढे तडजोडीने मिटला. जिच्या पदरी वकिलांची फौज आहे तिची ही कथा, तर एखाद्या महाविद्यालयाने वा नगरपालिकेने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

यात केवळ एका कंपनीला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते सत्याला धरून होणार नाही. याच व्हीएमवेअरने मालकी बदलण्याच्या पुष्कळ आधी, २०११ मध्ये, वापरलेल्या स्मृतीच्या प्रमाणात आकारणी करण्याचे ठरवले होते. ग्राहक खवळले, मर्यादा वाढवून द्यावी लागली आणि पुढील वर्षी ती पद्धत मागे घेण्यात आली. सिट्रिक्सने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या झेनसर्व्हरच्या फुकट आवृत्तीतून कित्येक सोयी काढून घेतल्या. मायक्रोसॉफ्टने स्वतंत्र व विनामूल्य हायपर-व्ही सर्व्हर २०१९ च्या आवृत्तीनंतर काढलाच नाही. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. येथे तर घरमालक फिरला की उंबरठाही फिरतो.

मात्र झेनसर्व्हरच्या बाबतीत पुढे जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याची मूळ आज्ञावली २०१३ मध्ये खुली झाली होती. त्यामुळे सोयी काढून घेतल्याबरोबर वापरणाऱ्यांपैकी काहींनी तीच घेऊन २०१८ मध्ये एक्ससीपी-एनजी नावाची निराळी चूल मांडली. खुल्या आज्ञावलीचा खरा लाभ तिच्या फुकटेपणात नाही. मालकाची मर्जी फिरली तरी बाहेर पडण्याची वाट कायद्याने मोकळी राहते, यात तो आहे.

विश्वासाची किंमत

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रयोगशाळेतील यंत्र बंद पडले तर चालते. रोजच्या कामाचा सर्व्हर बंद पडून चालत नाही. निकालाच्या दिवशी यंत्रणा कोसळली तर “आमची आज्ञावली खुली होती” हे उत्तर पालकांच्या गळी उतरणार नाही. मग चार पैसे जास्त देऊन नावाजलेल्या कंपनीचे का घेऊ नये?

घ्यावे, पण नाव म्हणजे अभयपत्र नव्हे. १२ ऑगस्ट २००८ रोजी जगभरच्या अनेक संस्थांना याचा अनुभव आला. व्हीएमवेअरच्या तेव्हाच्या ताज्या आवृत्तीत चाचणीच्या काळातील एक मुदतीची अट चुकून राहून गेली होती. ती तारीख उजाडताच परवाना संपल्याचे सांगून सर्व्हर अडून बसले. चालू असलेली आभासी यंत्रे चालत राहिली. पण जे बंद होते ते सुरू होईना. पैसे पूर्ण भरलेले, परवाना खरा, आणि तरीही दाराला कुलूप! कित्येकांनी यंत्राची तारीखच मागे ढकलून वेळ मारून नेली.

खुल्या बाजूचाही पदर स्वच्छ नाही. मे २०१५ मध्ये केव्हीएम व झेन यांच्यासोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूईएमयू या आज्ञावलीत एक गंभीर भोक उघडकीस आले. एका बिऱ्हाडातून थेट वाड्यात शिरता येईल असे ते होते. आणि दडले होते कोठे, तर जी कोणी वापरत नाही अशा फ्लॉपी चकतीच्या नियंत्रकात, २००४ पासून. त्यावेळी व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही यांना त्याची झळ लागली नाही. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी हजारो व्हीएमवेअर सर्व्हर कुलूपबंद केले. त्यांनी ज्या वाटेने प्रवेश केल्याचे मानले गेले, ती बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दोन वर्षे आधीच दिली होती. ती बसवण्याचे काम तेवढे राहून गेले होते. अशा वेळी आज्ञावलीला बोल लावावा, की ती सांभाळणाऱ्याला?

चार प्रश्न

म्हणून सर्वांत उत्तम आज्ञावली कोणती, हा प्रश्न प्रथम विचारण्याचा नव्हे. त्याआधी चार प्रश्न स्वतःलाच विचारावे लागतात.

पहिला, उद्या सकाळी हा सर्व्हर जळाला तर आपण किती तासांत पुन्हा उभे राहू? ‘स्नॅपशॉट’ नावाची एक सोय सर्व हायपरवायझरमध्ये असते. तिने यंत्राची त्या क्षणाची स्थिती जपली जाते आणि पुष्कळांना तीच सुरक्षित प्रत वाटते. ती तशी नाही. ती बहुधा त्याच साठवणीवर असते. साठवण गेली की तीही जाते. खरी प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि शक्य तर दुसऱ्या इमारतीत हवी, आणि ती परत चालवून पाहिलेली हवी. न तपासलेली प्रत म्हणजे न उघडलेली पेटी. आत काय आहे हे देव जाणे.

दुसरा, बिऱ्हाड हलवता येईल काय? आभासी यंत्राची चकती म्हणजे अखेर एक फाइल असते. व्हीएमवेअर ती एका नमुन्यात ठेवते, हायपर-व्ही दुसऱ्या, केव्हीएम तिसऱ्या. त्यांचे परस्पर रूपांतर करणारी साधने विनामूल्य मिळतात. पण फाइल बदलली म्हणजे काम झाले नाही. विंडोजचे यंत्र केव्हीएमवर नेताना तेथील चकतीचा चालक आधी बसवला नसेल तर ते सुरूच होत नाही. असे खाचखळगे कागदावर दिसत नाहीत. प्रत्यक्ष एक यंत्र हलवून पाहिले की दिसतात.

तिसरा, रात्री दोन वाजता उठणार कोण? फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीला वेतनावरचा माणूस लागतो, हे फुकटाचे गणित मांडणारे विसरतात. जेथे लिनक्स जाणणारा एकही कर्मचारी नाही आणि सगळे काम विंडोजवर चालते, तेथे हायपर-व्ही हा शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. विंडोज सर्व्हरच्या परवान्यात तो येतोच. मात्र साध्या परवान्यात विंडोजची दोनच आभासी यंत्रे बसतात, हे विसरू नये. जेथे दोन होतकरू माणसे आहेत तेथे प्रॉक्समॉक्सची वर्गणी घेऊन काम भागते. वर्गणी घेताना मदत कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे मिळणार, हेही विचारून ठेवावे. आणि जेथे शेकडो यंत्रे व त्यांत मुरलेले कर्मचारी आहेत, तेथे व्हीएमवेअरची वाढलेली किंमत मोजूनही तेथेच राहणे कदाचित स्वस्त पडेल.

चौथा, यंत्रे किती घेणार? दोन घेतली म्हणजे एक पडले तर दुसरे सांभाळील, असे वाटते. पण दोघांमधील संपर्क तुटला तर प्रत्येकाला दुसरे मेले असे वाटते. मग दोन्ही तेच काम हाती घेतात आणि नोंदींची नासाडी होते. कौल देणारा तिसरा पंच लागतोच. तो नसेल तर दोन यंत्रांचा खर्च होऊनही भरवसा येत नाही.

आपल्याकडील संस्थांत अशी खरेदी कशी होते हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे. निविदा येतात, तुलनात्मक तक्ता तयार होतो, सर्वांत कमी दराच्या निविदेवर खूण होते आणि समितीच्या सह्या पडतात. त्या तक्त्यात पहिल्या वर्षाची किंमत असते. चौथ्या वर्षाची नसते आणि बाहेर पडण्याची तर कधीच नसते. त्या वेळी जी रक्कम अचानक उभी करावी लागते, ती ग्रंथालयाच्या पुस्तकांतून नाहीतर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येते. सही करणारे तोवर निवृत्त झालेले असतात.

यावर उपाय अवघड नाही. तक्त्यात आणखी दोन रकाने आखावेत. एक, पाच वर्षांचा एकूण खर्च. दुसरा, येथून दुसरीकडे जाण्यास लागणारे दिवस आणि माणसे. दुसऱ्या रकान्यातील आकडा विक्रेत्याच्या सांगण्यावरून भरू नये. सुटीच्या एखाद्या दिवशी संस्थेच्याच माणसांनी एक बिनमहत्त्वाचे यंत्र प्रतीवरून उभे करावे, ते दुसऱ्या हायपरवायझरवर चालवून पाहावे, आणि लागलेले तास त्या रकान्यात लिहावेत. मगच समितीने सही करावी.