थांबलेले घड्याळ आणि ताटकळलेला ग्राहक

साष्टी तालुक्यातील एका निवृत्त तारवट्याचे दीर्घ पत्र आमच्यापुढे आहे. या गृहस्थांनी १९८२ साली, बोटीवरील नोकरीच्या उमेदीच्या काळात, रॉटरडॅम बंदरात उतरून एक स्विस बनावटीचे स्वयंचलित मनगटी घड्याळ विकत घेतले. त्यासाठी त्यांना दोन महिन्यांचा पगार मोजावा लागला. थोरल्या मुलाचा जन्म झाल्याची तार त्याच सफरीत हाती पडली, म्हणून घड्याळाच्या पाठीवर त्यांनी ती तारीख कोरून घेतली. मडगावातील एक वृद्ध घड्याळजी दर चार-पाच वर्षांनी ते उघडून साफ करीत आणि तेलपाणी करून देत. ते निवर्तले, त्यांचे दुकान बंद झाले आणि वर्षा-दीड वर्षात घड्याळही थांबले.

पुढची हकीकत दुर्दैवाने नवी नाही. एका विक्रेत्यामार्फत घड्याळ महानगरातील अधिकृत सेवाकेंद्राकडे गेले. खर्चाचा अंदाज अर्ध्या लाखावर आला, तोही त्यांनी मान्य केला. सहा आठवड्यांची मुदत सांगितली होती, प्रत्यक्षात सात महिने लागले. या काळात दूरध्वनीवर प्रत्येक वेळी नवा माणूस बोले आणि भाग परदेशातून यायचे आहेत हे उत्तर तेवढे जुने असे. अखेर घड्याळ आले ते नव्या नवरीसारखे चकचकीत होऊन. मूळ तबकडी बदललेली होती आणि जुनी परत दिलेली नव्हती. पाठ इतकी घासून काढली होती की मुलाची जन्मतारीख पुसून गेली होती. एवढे होऊनही अकराव्या दिवशी घड्याळ पुन्हा थांबले. तक्रार करताच उत्तर आले की हा वापरातील दोष असावा आणि तपासणीचे शुल्क नव्याने भरावे लागेल.

ज्या राज्यात उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही आणि सरकारी रुग्णालयात खाट मिळत नाही, तेथे मूल्यवान घड्याळाच्या दुरुस्तीवर अग्रलेख लिहावा काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण किंचित विचार केला तर दिसेल की हे भरल्या पोटाचे रडगाणे नव्हे. वस्तू विकत घेतल्यावर तिची मालकी कोणाची, ती नीट करून घेण्याचा हक्क कोणाचा आणि पैसे घेऊन काम बिघडवले तर जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न या पत्रात आहेत. शेतकऱ्याच्या पंपाला आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलला ते तितकेच लागू पडतात. ज्याने अर्धा लाख मोजला त्याची ही वाट लागत असेल, तर ज्याच्या हाती पाचशे रुपये आहेत त्याचे कोण ऐकणार?

घड्याळाला सेवा का लागते, हे आधी समजून घेतले पाहिजे. चावीच्या किंवा स्वयंचलित घड्याळात शंभराहून अधिक भाग असतात. कमानीत साठवलेली शक्ती दंतचक्रांच्या माळेतून हळूहळू सुटते आणि एक चिमुकले तोलचक्र तिला ताल देते. आजच्या बहुतेक स्वयंचलित घड्याळांत हे चक्र सेकंदाला सहा ते आठ ठोके घालते. आठ ठोक्यांचा हिशेब धरला तर ताशी २८,८०० आणि दिवसाकाठी सात लाखांच्या घरात. मानवनिर्मित यंत्रांत इतक्या अखंडपणे राबणारी यंत्रे थोडी. त्यातील तेल काही वर्षांनी सुकते, भाग झिजतात, पाणी अडविणारी रबरी कडी कडक होतात. म्हणून काही वर्षांनी सर्व भाग सुटे करून धुणे, झिजलेले बदलणे, नव्याने तेल देणे, वेळ जुळविणे आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेणे, एवढे सोपस्कार क्रमप्राप्त असतात. हे काम नाजूक आणि वेळखाऊ आहे. त्याचे मोल द्यावे लागते याबद्दल आमची तक्रार नाही. मोल घेऊन काम होत नाही, ही तक्रार आहे.

आपल्या गोमंतकाला स्विस घड्याळ नवीन नाही. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीत, विशेषतः खनिजाच्या निर्यातीतून पैसा खुळखुळू लागल्यावर, परदेशी मालाची येथे रेलचेल होती. शेजारी भारतात आयातीवर कडक निर्बंध असल्याने यातली बरीच घड्याळे चोरवाटांनी सीमेपलीकडे जात. पुढे आखातात आणि बोटींवर गेलेल्या आपल्या माणसांनी ती घरोघर आणली. त्या घड्याळांना पोसणारा एक कारागीरवर्गही येथे उभा राहिला. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को येथील बाजारांत डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसासारखी कमान उचलणारी ती माणसे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवत असतील.

हा वर्ग का ओसरला? त्याला दोन कारणे आहेत. १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये सेको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या दशकात ते इतके स्वस्त झाले की दुरुस्तीपेक्षा नवे घेणे परवडू लागले. भारतात सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरमध्ये सुरू झालेला एचएमटीचा घड्याळ कारखाना एके काळी देशाच्या मनगटावर राज्य करीत होता. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. चावीची घड्याळे गेली, तशी ती जाणणारी माणसेही गेली.

दुसरे कारण मात्र काळाच्या ओघाचे नसून धोरणाचे आहे. मौल्यवान घड्याळांच्या अनेक उत्पादकांनी सुटे भाग स्वतंत्र कारागिरांना देणे बंद केले. भाग मिळतील ते केवळ कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने मान्य केलेल्या केंद्रांना. युरोपातील स्वतंत्र घड्याळदुरुस्तीकारांच्या महासंघाने २००४ साली याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. २००८ साली आयोगाने तक्रार फेटाळली. २०१० साली न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला, तेव्हा आयोगाला पुन्हा चौकशी करावी लागली. २०१४ साली तक्रार दुसऱ्यांदा फेटाळली गेली आणि २०१७ साली न्यायालयाने या वेळी आयोगाचीच बाजू उचलून धरली. तेरा वर्षांच्या लढाईनंतर कारागिरांच्या हाती काही लागले नाही.

उत्पादकांचे म्हणणेही विचारात घेतले पाहिजे. यंत्रे गुंतागुंतीची झाली आहेत, बनावट भागांचा सुळसुळाट आहे आणि अर्धशिक्षित हातांनी घड्याळ बिघडले तर नाव कंपनीचे खराब होते, असे ते सांगतात. यात तथ्य आहे. पण गुणवत्तेच्या नावाखाली जो मक्ता मिळविला, त्याबरोबर गुणवत्तेची जबाबदारीही येते. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही आणि स्वतःच्या हाताने बिघडले तर ग्राहकाकडे बोट दाखवायचे, असे दोन्हीकडून चालणार नाही. ज्याने सर्व दारे बंद केली, त्याने आपले एक दार तरी उघडे ठेवले पाहिजे.

आपल्याकडील कायदा या बाबतीत दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैमध्ये अमलात आला. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही त्या कायद्यानुसार सेवा ठरते. तीत निष्काळजीपणाने उणीव राहिली किंवा ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती हेतुपुरस्सर दडविली, तर ती सेवेतील त्रुटी होय. तबकडी न विचारता बदलणे आणि जुनी ठेवून घेणे या व्याख्येत बसू नये, असे आम्हांस वाटत नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे आता तक्रार गुदरता येते. कंपनीचे कार्यालय ज्या महानगरात आहे तेथे खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, तक्रार संगणकावरूनही नोंदविता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही.

तरीही कायदा पुराव्यावर चालतो, हळहळीवर नव्हे. म्हणून घड्याळ हातावेगळे करण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य कराव्यात. त्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि पुढून, मागून, कडेने छायाचित्रे काढून ठेवावीत. खर्चाचा अंदाज आणि परतीची तारीख लेखी मागावी. कोणता भाग बदलणार हे आधी कळवावे व जुना भाग परत द्यावा, अशी अट पावतीवर नोंदवावी. झिलई करायची नसेल तर तसे स्पष्ट अक्षरांत लिहावे. जुन्या घड्याळाची मूळ तबकडी आणि कडा यांतच त्याचे निम्मे मोल असते, हे जाणकारांना ठाऊक आहे. सामान्य मालकाला ते सेवाकेंद्राने सांगितले पाहिजे. दूरध्वनीवरील आश्वासनावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक संभाषण पत्राने पक्के करावे.

सरकारचे कर्तव्य याहून मोठे आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. पण आरंभी निवडलेली क्षेत्रे शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही होती. घड्याळाचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नाही. इकडे स्वित्झर्लंडसह चार देशांशी २०२४ साली झालेला व्यापार करार आता अमलात आला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने खाली येणार आहे. घड्याळे येतील, विकलीही जातील. त्यांची देखभाल कोण करणार, हे विक्रीच्या वेळीच ठरले पाहिजे. विक्रेत्याने सुटे भाग किती वर्षे मिळतील हे लेखी जाहीर करावे, दुरुस्तीच्या कामाला निश्चित हमी द्यावी आणि जुने भाग परत करणे बंधनकारक असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सूक्ष्मयंत्रांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम उभा राहिला, तर गोव्यातील चार तरुणांच्या हाताला कामही मिळेल.

पत्रलेखक महाशयांना आमचे सांगणे इतकेच की त्यांनी आपले कागद घेऊन दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी. पुसली गेलेली तारीख कोणताही आयोग पुन्हा कोरून देऊ शकणार नाही, हे खरे. पण ती पुसणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागली, तर पुढच्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाला हात लावताना तो विचार करील. मडगावच्या त्या वृद्ध घड्याळजींना हा विचार करण्यासाठी कायद्याची गरज लागली नव्हती. चार दशके त्यांनी ते घड्याळ उघडले आणि मिटले, पण त्या तारखेला ओरखडा येऊ दिला नाही.