भरीत पार्टी, खानदेशातील

हिवाळ्याच्या आरंभापासून वसंताच्या चाहुलीपर्यंत आप्तेष्टांसह शेतात जाऊन वांग्याचे भरीत करून खाण्याची खानदेशातील प्रथा. जळगाव जिल्ह्याच्या यावल, रावेर, भुसावळ, जळगाव इ. तालुक्यांत ती विशेष रूढ आहे. यावल तालुका सातपुडा पर्वत व तापी नदी यांच्या दरम्यान असून, गाळाची खोल काळी जमीन व विहिरींचे पाणी यांमुळे तेथे केळीबरोबर भाजीपाल्याचीही बागायत होते. या तालुक्यातील बामणोद आणि तापीच्या दक्षिणेस जळगावजवळ असलेले आसोदा ही गावे भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

वांगे ही सोलॅनेसी कुलातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सोलॅनम मेलॉंजेना असे आहे. भरिताच्या स्थानिक वाणाचे फळ मोठे, फिकट हिरवे व पांढऱ्या रेषांचे असते. त्यात गर भरपूर व बिया थोड्या असतात. पावसाळ्यात वाफ्यात बी पेरून सु. पाच-सहा आठवड्यांची रोपे शेतात लावतात व थंडीत फळे काढतात. अनेक कुटुंबांत चातुर्मासात वांगे वर्ज्य मानतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस (चंपाषष्ठीस) खंडोबाला भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखविला जातो. भरिताचा खरा हंगामही याच सुमाराचा होय.

शेतात पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) जाळ करून त्यावर वांगी भाजतात. हे जळण झटपट व मोठ्या ज्वाळेने पेटते; त्यामुळे साल करपून गर मऊ शिजतो व त्यास धुराचा विशिष्ट स्वाद येतो. वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांवर बोंडअळीस आश्रय मिळत असल्याने, त्या उपटून जाळणे शेतीसही हितावह असते. साल काढलेला गर लाकडी पात्रात ठेचून त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे व तेल घालतात. सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी किंवा पुरी असते. पाहुणे, सासरहून आलेल्या लेकी, शेजारी व शेतमजूर एकाच बांधावर जेवावयास बसतात.

‘जळगाव भरीत वांगी’ यांस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि या वाणाचे टिकणे मुख्यतः शेतकऱ्यांच्या बीनिवडीवर अवलंबून आहे. वांग्यात बहुतांशी स्वपरागण होत असले, तरी कीटकांमुळे परपरागणही घडते. म्हणून बियाण्याची झाडे इतर वाणांपासून दूर ठेवावी लागतात. शेंडा व फळ पोखरणारी अळी ही या पिकाची प्रमुख कीड होय. तिला प्रतिकारक अशा जनुक-परिवर्तित बीटी वांग्याच्या लागवडीस केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. त्या वेळी झालेल्या चर्चेत देशी वाणांच्या शुद्धतेचा प्रश्न पुढे आला होता.

उन्हाळा जवळ येताच फळांत बिया वाढतात, गर राठ होतो व भरिताचा हंगाम सरतो. याच सुमारास निवडक झाडांवरील उत्तम फळे पिवळी होईपर्यंत राखून ठेवतात. त्यांचे बी धुऊन, वाळवून पुढील पावसाळ्यासाठी जपतात. हे काम घरोघरी न झाल्यास जाळ व माणसे जमतील. परंतु भरितास त्याची मूळ चव येणार नाही.