प्रकल्प संपल्यानंतरचे संकेतस्थळ

पेरणी, निविष्ठा, जनावरे आणि काढणी यांच्या नोंदी ठेवणारी ‘फार्मओएस’ ही मुक्तस्रोत प्रणाली ड्रुपल या आशय व्यवस्थापन प्रणालीवर उभी आहे. ड्रुपलची इतकी जाण असलेला विकासकांचा गट आपल्या मार्गदर्शिकेसाठीही ड्रुपलच वापरत असेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ती मार्गदर्शिका साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये, आज्ञावलीच्याच भांडारात ठेवलेली आहे आणि पाने त्या फाइलींपासून तयार होतात. शेतकरी रोज नोंद करतो, तेथे डेटाबेस हवाच. क्वचित बदलणाऱ्या आणि केवळ वाचल्या जाणाऱ्या पानांसाठी तो कशाला सांभाळावा, असा हा साधा विवेक आहे.

मुक्तस्रोत प्रकल्पासाठी संकेतस्थळ उभारताना हा विवेक बहुधा सुटतो. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल यांपैकी काय चांगले, यावर बैठका होतात. तीन वर्षांचा निधी संपल्यावर आणि वरिष्ठ संशोधन सहायक दुसरीकडे रुजू झाल्यावर हे कोण पाहणार, हा प्रश्न कार्यवृत्तात येत नाही.

दोन्ही पद्धतींतील फरक मुळातून समजून घेण्याजोगा आहे. वर्डप्रेस किंवा ड्रुपलमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि वाचकाने पान मागितले की सर्व्हर ते सामान्यतः त्या क्षणी जुळवून देतो. त्यासाठी सर्व्हरवर एक आज्ञावली अखंड चालू लागते आणि चालू असलेल्या आज्ञावलीत शिरकाव होऊ शकतो. जेकिल किंवा ह्यूगो यांसारख्या स्थिर संकेतस्थळ साधनांत पाने आधीच तयार करून ठेवतात. सर्व्हर ती केवळ हाती देतो. एकात प्रत्येक वाचकासाठी पत्रिका नव्याने जुळवली जाते, दुसऱ्यात छापलेली प्रत दिली जाते.

चालू आज्ञावलीची किंमत काय असते, हे १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दिसले. ड्रुपल ७ मध्ये लॉगिन न करताही डेटाबेसवर ताबा मिळवू देणारी त्रुटी त्या दिवशी दुरुस्तीसह जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने स्पष्ट बजावले की, घोषणेपासून सात तासांच्या आत दुरुस्ती न झालेले प्रत्येक संकेतस्थळ बाधित झाले आहे असेच समजावे. भारतीय वेळेनुसार ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. त्या वेळी कोणत्या संशोधन केंद्रातील सर्व्हर कक्षात माणूस जागा असणार?

दुसरी किंमत सावकाश वसूल होते. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणे म्हणजे साधे अद्ययावतीकरण नव्हते. संकेतस्थळ जवळजवळ नव्याने बांधावे लागे. फार्मओएसलाही पहिल्या आवृत्तीनंतर पुढच्या ड्रुपलसाठी आपली प्रणाली नव्याने रचावी लागली. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार अनेकदा मुदतवाढ मिळून ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे स्थलांतरासाठी निधी किंवा माणूस नव्हता, त्यांच्यापुढे जोखीम पत्करणे किंवा संकेतस्थळ बंद करणे याखेरीज फारसे पर्याय नव्हते.

कडधान्यांच्या जनुकीय माहितीचे उदाहरण येथे बोलके आहे. तुरीच्या ‘आशा’ या वाणाचा जनुकसंच उलगडण्याच्या कामात पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेचा पुढाकार होता. तूर, हरभरा आदी पिकांची अशी माहिती एकत्र देणारी ‘लेग्यूम इन्फर्मेशन सिस्टिम’ पूर्वी ड्रुपल आणि त्यावरील ट्रायपल या जैविक माहितीच्या संचावर चाले. पुढे तिची पाने जेकिलवर आली. भूस्थानिक नकाशांसाठी आपल्याकडे अनेक संशोधक वापरतात त्या क्यूजीआयएस प्रकल्पाचे नवे संकेतस्थळही २०२४ मध्ये ह्यूगोवर तयार झाले.

म्हणून सर्वांनीच वर्डप्रेस सोडावे काय? तसे मुळीच नाही. कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञाने दर आठवड्याला सल्ला लिहायचा असेल आणि त्यासाठी त्याला गिट शिकण्याची अट घातली, तर संकेतस्थळ सुरक्षित राहील, पण सल्ला लिहिला जाणार नाही. वर्डप्रेसचा पडदा मराठीतही उपलब्ध आहे. २०१३ पासून लहान सुरक्षा दुरुस्त्या ते स्वतःहून बसवते. त्याची खरी दुखरी जागा म्हणजे जोडण्या, अर्थात प्लगइन. हौसेने बसवलेल्या वीस जोडण्यांपैकी पाचांचे निर्माते पुढे काम सोडून देतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अनुभव नसलेल्या चमूने चार-पाच जोडण्यांवर भागवावे, हे उत्तम. प्रबंध आणि अहवाल यांचा साठा करायचा असेल, तर त्यासाठी डीस्पेससारखी भांडार प्रणाली वेगळी आहे. कृषिकोश तिच्यावर उभे राहिले. साध्या संकेतस्थळाला ग्रंथालय करण्याच्या नादात दोन्हींची हानी होते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक जुना धडा आहे. युनिकोडपूर्व काळात विशिष्ट फाँटमध्ये टंकलेले कितीतरी लेखन तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन दिसते. मजकूर हरवलेला नसतो, वाचता मात्र येत नाही. एखाद्या पृष्ठ-रचनाकार जोडणीच्या खुणांमध्ये गुंतलेला मजकूर ती जोडणी काढताच असाच विस्कटतो. स्थिर साधनेही जुनी होतात, नव्या संगणकावर चालेनाशी होतात. परंतु तयार झालेली एचटीएमएल पाने आणि मूळ मार्कडाउन फाइली कोणत्याही साध्या संपादकात उघडतात.

त्यामुळे निवड करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. निवडू पाहत असलेल्या प्रणालीत मराठीतील दहा पाने, दोन तक्ते आणि काही छायाचित्रे घालावीत. मग सर्व मजकूर बाहेर काढून, हे काम पूर्वी न केलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा आणि दुसऱ्या संगणकावर तो पुन्हा उभा करण्यास सांगावे. त्याला दिवसभरात ते जमले नाही, तर अडचण कोठे आली हे लिहून ठेवावे. संकेतनामाच्या नूतनीकरणाची तारीख आणि ते कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे, हेही त्याच कागदावर असावे. कारण प्रकल्प सहायकाच्या खासगी पत्त्यावर आलेली नूतनीकरणाची सूचना तो संस्था सोडून गेल्यानंतर कोणी वाचत नाही.