यादीतले आकडे कोणी घालावे?

मी अर्थशास्त्र शिकवतो. छपाई हा काही माझा विषय नव्हे. तरी आज छापील यादीतल्या क्रमांकांविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक.

सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका मी तयार केली होती. प्रश्न आठ. पाचव्यात किंमत आणि मागणी यांचं कोष्टक होतं. सातव्यात 'प्रश्न ५ मधील कोष्टक वापरा' अशी सूचना होती. आदल्या रात्री तिसरा प्रश्न गाळला आणि पुढचे आकडे हाताने बदलले. सूचनेतला पाच मात्र तसाच राहिला. कोष्टक तर आता चौथ्या प्रश्नात! मुलं भलतीकडेच शोधत बसली. एक मुलगी शंका विचारायला उभी राहिली, तोवर वीस मिनिटं गेली होती. ती परत कशी द्यायची?

त्यानंतर मी 'लाटेक' ही संगणकावरची अक्षरजुळणी शिकलो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये 'टेक'चं काम हाती घेतलं. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारली. तिच्यात आकडा आपण लिहायचाच नाही. प्रत्येक प्रश्नापुढे 'आयटम' ही आज्ञा लिहायची. आकडा यंत्र घालतं. प्रश्न गाळा, वाढवा, पुढचे आकडे आपोआप सरकतात.

हे होतं कसं? दवाखान्यात नंबर देणारा शिपाई डोळ्यांपुढे आणा. यंत्रात तसा एक मोजणीदार असतो. आयटम दिसला की तो आधी एक मिळवतो, मग आकडा छापतो. म्हणून दुसरा विभाग सहापासून सुरू करायचा, तर मोजणीदाराला पाच सांगावे लागतात. तेही यादी उघडल्यावर. कारण उघडताना तो शून्यावर येतो. ही कटकट नको असेल, तर 'एन्युमआयटम' ही जोडणी घ्यावी. तिच्यात 'रिझ्यूम' म्हटलं की मागच्या यादीचा क्रम पुढे चालतो.

आता माझ्या चुकीचा इलाज. कोष्टकाच्या प्रश्नात 'लेबल' लावून त्याला एक नाव द्यायचं. सूचनेत आकड्याऐवजी 'रेफ' लिहून तेच नाव घ्यायचं. मग प्रश्न कुठेही जावो, सूचना त्याच्यामागे जाते. मात्र मजकूर यंत्रातून दोनदा फिरवावा लागतो. पहिल्या फेरीत यंत्र नावापुढचा आकडा एका वहीत टिपून ठेवतं, दुसऱ्या फेरीत तो वाचून छापतं. एकाच फेरीवर थांबलात, तर आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं उमटतात, किंवा जुनाच आकडा राहतो!

म्हणून शेवटी एकदा डोळ्यांखालून घालणं चुकत नाही, बरं का. यंत्र आकडे बिनचूक मोजेल. पण नाव चुकीच्या प्रश्नाला दिलंत, तर चुकीचा आकडाही ते तितक्याच इमानाने छापील. प्रश्नपत्रिका वाचणाऱ्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं. तो छापील आकड्यावर विश्वास ठेवून पान उलटतो. त्या विश्वासाला जागणं हे आपलं काम.