करवीर नगर वाचन मंदिर : ग्रंथालयाचा आणि वाचकाचा इतिहास

मराठी वाङ्मयेतिहासात लेखक आणि ग्रंथ यांची नोंद तपशिलाने होते. वाचकाची क्वचितच होते. हा वाचक शोधायचा तर सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासाकडे वळावे लागते. या दृष्टीने कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचे उदाहरण अभ्यसनीय आहे.

या संस्थेची स्थापना १८५० मध्ये 'कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी' या नावाने झाली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर संस्थानाचा कारभार ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला होता आणि छत्रपती अल्पवयीन होते. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथील ग्रंथालयांच्या मालिकेतच ही संस्था येते. 'नेटिव्ह' हे विशेषण राज्यकर्त्यांच्या दृष्टीतून आलेले होते. पुढे पुण्याप्रमाणे कोल्हापुरातही 'नगर वाचन मंदिर' हे नाव रूढ झाले. ज्याची ओळख एतद्देशीय एवढीच होती, तो वाचक आता नगराचा नागरिक ठरला. हे केवळ भाषांतर नव्हे.

कालक्रम येथे लक्षणीय आहे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, तर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० चे. म्हणजे कादंबरी आणि महाविद्यालय या दोहोंच्या आधी या नगरात वाचनाची सार्वजनिक जागा निर्माण झाली होती. मात्र तो वाचक साक्षरांच्या लहानशा वर्तुळातला होता. हे वर्तुळ रुंदावण्याची शक्यता राजर्षी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाच्या निर्णयाने निर्माण केली.

ग्रंथालय ही शासनाचीही जबाबदारी आहे, हा विचार कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये कायद्यात आणला. भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा होय. मद्रासचा कायदा त्यानंतर, १९४८ मध्ये आला. परंतु १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा कायदा मागे पडला. महाराष्ट्राचा कायदा होण्यास १९६७ साल उजाडले. त्यातही मद्रासप्रमाणे ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. परिणामी अनुदान आणि वर्गणी यांवरच ग्रंथालयांचा भार राहिला. ज्या नगराने कायद्याची वाट प्रथम दाखविली, तेथील संस्थांनाही याच व्यवस्थेत उभे राहावे लागले, ही या इतिहासातील विसंगती आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक निकड उत्पन्न होते. जुन्या ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्या, देवघेवीच्या नोंदी, वार्षिक अहवाल आणि नियतकालिकांच्या फायली ही वाचकाच्या इतिहासाची प्राथमिक साधने होत. कोणते पुस्तक छापले गेले हे सूचीवरून कळते. ते कोणी आणि किती वेळा नेले हे देवघेवीच्या नोंदवहीवरूनच कळते. जीर्ण पुस्तकाची दुसरी प्रत कदाचित अन्यत्र मिळेल. नोंदवहीची दुसरी प्रत बहुधा नसते. जागेच्या टंचाईमुळे रद्दीचा विचार होतो तेव्हा प्रथम बळी तिचाच जातो. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयातील अशा नोंदींची सूची करणे, हे संशोधनाचे पहिले आणि तातडीचे काम मानले पाहिजे.