रहीमसाहेबांच्या पोरांची कार्डं

नांदेड-लातूरकडं पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला जमवाजमवीचा नाद समजावून सांगावा लागत नाही. काडेपेटीचे छाप, सिगारेटची रिकामी पाकिटं, बाटल्यांची बुचं यांत इकडच्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या. रिंगणात पाकिटं मांडायची, लांबून ठिकरी मारायची, बाहेर उडेल ते आपलं. हैदराबादेत तयार होणारी चारमिनार पानटपरीवर सगळीकडं मिळायची, म्हणून तिच्या पाकिटाला भाव कमी. एखादं परदेशी पाकीट हाती लागलं तर ते खेळात उतरवायचंच नाही, दप्तरात जपायचं. जे कमी ते मोलाचं, हे आम्ही पोरं तेव्हाच शिकलो. फुटबॉलपटूंच्या जुन्या कार्डांचा आजचा जागतिक बाजारही त्याच हिशेबावर चालतो.

त्या कार्डांचा वंशही सिगारेटच्या पाकिटाशीच जुळतो. १८८० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या बेन्स नावाच्या व्यापाऱ्यानं ढालीच्या आकाराची रंगीत कार्डं पोरांना विकायला सुरुवात केली. मग तंबाखू कंपन्यांनी ही कल्पना उचलली. मऊ पाकिटात सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालावाच लागे. त्यावर खेळाडू छापला की गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेतं. १८९६ मध्ये मँचेस्टरच्या मार्कस कंपनीनं फुटबॉलपटूंची मालिका काढली. पुढं ऑग्डेन्स, विल्स, जॉन प्लेयर यांनी सपाटा लावला. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० च्या सुमारास ही परंपरा थांबली.

तिला नवं रूप दिलं ते इटलीतल्या मोडेना गावच्या पानिनी भावांनी. घरचा धंदा वर्तमानपत्रांच्या टपरीचा. १९६० मध्ये त्यांनी दुसऱ्या कंपनीचा न खपलेला चित्रांचा साठा उचलला, पाकिटं करून विकला आणि तो हातोहात गेला. १९६१ पासून स्वतःचे अल्बम सुरू झाले. व्हेनेझुएलातून परतलेल्या उंबेर्तो या भावानं चित्रं मिसळून पाकिटात भरणारं यंत्र बनवलं. प्रत्येक पाकिटात काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसावं, हे त्या यंत्राचं काम. डबल आलेलं मित्राला द्यायचं, नसलेलं त्याच्याकडून घ्यायचं, ही अदलाबदल त्यातूनच जगभर पसरली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून पानिनीचा अल्बम विश्वचषकाचा सोबती झाला.

आता किमती. १९५८ चा विश्वचषक स्वीडनमध्ये झाला. सतरा वर्षांच्या पेलेनं अंतिम सामन्यात दोन गोल केले आणि त्याच वर्षी तिथल्या अलिफाबोलागेट कंपनीनं त्याचं छोटं चित्र छापलं. २०२२ मध्ये त्यातली एक उत्तम राखलेली प्रत दहा लाख डॉलरच्या वर गेली. मॅराडोनाचं सर्वांत मागणी असलेलं कार्ड १९७९-८० च्या पानिनी अल्बममधलं, अर्जेंटिनाच्या जर्सीतलं. तो इटलीतल्या नापोली क्लबात येण्याला तेव्हा अजून काही वर्षं होती. २०२१ मध्ये त्या कार्डाची एक प्रत पाच लाख डॉलरच्या पुढं गेली. उत्तम प्रतीला एवढी किंमत यायचं कारण पोरांनी ही चित्रं अल्बममध्ये चिकटवली, चुरगाळली, हरवली. अमेरिकेतल्या पीएसएसारख्या संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य तपासून एक ते दहा अशी प्रत ठरवतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. बाजार कोऱ्या कार्डाला मान देतो. माझा कल मागं पेन्सिलीनं एखाद्या पोराचं नाव असलेल्या कार्डाकडं आहे; त्याचा भाव कमी लागतो, पण ते कुणाचं तरी होतं.

आपल्याकडं ऑनलाइन घेणाऱ्यांनी एक तपासणी करावीच. नोटा तपासायचा निळा दिवा कार्डावर धरा. महायुद्धापूर्वीच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं नसत. युद्धाआधीचं म्हणून विकलेलं कार्ड त्या उजेडात पांढरंशुभ्र चमकलं तर ते नवं छापलेलं समजा. कधी कधी कडा कातरून कार्ड नीटस केलेलं असतं, म्हणून दुसऱ्या प्रतीशी मापही ताडून बघावं.

आपल्याकडं फुटबॉलपटूंची अशी कार्डं मिळत नसत, पण खेळाडू जपण्याची हौस होती. क्रिकेटला बिग फन बबलगम भेटलं. ऐंशीच्या दशकात त्यातल्या कार्डांवरच्या धावा-बळी मोजत पोरांनी गाल दुखवून घेतले. फुटबॉलला मासिकं भेटली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पोर्टस्टार’चं मधलं रंगीत पान पिना काढून अलगद सोडवायचं आणि भिंतीवर लावायचं. २२ जून १९८६ ला विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडला हरवलं तो सामना आपल्या घड्याळात रात्री साडेअकराला सुरू झाला. गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या ओसरीत त्या उन्हाळ्यात फुटबॉल शिरला.

पण मराठवाड्यानं जपायला हवे होते ते खेळाडू मॅराडोनाच्या कितीतरी आधी होऊन गेले, आणि ते आपल्याच राज्यातले होते. नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक सिटी पोलीसच्या फुटबॉल संघाला शिकवत होते. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं या संघानं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. रहीमसाहेब भारताचेही प्रशिक्षक झाले. बलराम, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, गोलरक्षक पीटर थंगराज ही सगळी हैदराबादची पोरं १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेली.

तारखा बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबादेपासून तुटून मुंबई राज्याला जोडला गेला. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, भारतानं मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत पोचला. संघ शेवटी चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यावर आपण पुन्हा कधी गेलो नाही. ज्या पोरांना आपण ऑक्टोबरपर्यंत आपल्या राज्याची म्हणू शकत होतो, ती डिसेंबरात शेजारच्या राज्याची झाली होती. मराठी क्रीडालेखन मुंबई-पुण्याच्या क्रिकेटकडं वळलं, हैदराबादचा फुटबॉल तेलुगू आणि उर्दूत राहिला. रेल्वेनं नांदेड आजही मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. आठवणींचा मार्ग मात्र तेव्हाच बंद पडला.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रशिक्षकाच्या संघानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक आणलं. डोक्याला पट्टी बांधून खेळलेल्या जर्नेलसिंगनं त्या सामन्यात गोल केला. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या नांदेडला या सरदाराचं कौतुक वाटायला हवं. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगानं गेले. ‘मैदान’ चित्रपट २०२४ मध्ये आला तेव्हा इकडच्या तरुणांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

विल्सनं इंग्लंडमधल्या सामान्य क्लबांचे खेळाडूही छापले, त्या परंपरेचं इथं काही रुजलंच नाही. हैदराबादची चारमिनार आमच्या प्रत्येक टपरीवर पोचत होती. तिच्या पाकिटात बलरामचं एक चित्र निघालं असतं, तर सीमा बदलूनही ते नांदेडच्या पोरांच्या खिशात राहिलं असतं.

म्हणून आपल्याकडच्या संग्राहकानं दुसऱ्या वाटेनं जावं असं मला मनापासून वाटतं. टपाल खात्यानं १९८९ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचं, १९९८ मध्ये फुटबॉलपटू गोष्ठो पाल यांचं तिकीट काढलं. ही तिकिटं थोड्या पैशांत मिळतात. रोव्हर्स कपची छापील माहितीपत्रकं, सामन्यांची तिकिटं, जुन्या उर्दू वर्तमानपत्रांची कात्रणं, पोलीस किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेतले संघाचे फोटो, हा खरा आपला माल. कोल्हापूरला फुटबॉलची परंपरा अजून जिवंत आहे, पेठांतल्या तालमींचे फोटो तिथं भिंतींवर आहेत. आपल्याकडं ते वाटणीच्या वेळी रद्दीत जातात.

असं काही सापडलं तर लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि कागद कायमचा जातो. चिकट पट्टी लावू नका. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांतून वायू सुटतो आणि शाई उतरते, त्यामुळं पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या. इकडच्या उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, पावसाळ्यात कसर आणि वाळवी लागते. लोखंडी पेटी भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले, त्या पिढीला ओळखणारी माणसंही आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर फोटो धरा, डावीकडून उजवीकडं एकेक नाव विचारा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाईनं नको, ती पुढच्या बाजूला उमटते.