असहायांच्या संरक्षणाची कायदेशीर वाटचाल

रत्नागिरी येथील मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले. मनोरुग्णांविषयी त्या वेळी लागू असलेले कायदे १८५८ सालचे होते. त्यांपैकी एक कायदा रुग्णाच्या मिळकतीच्या व्यवस्थेसाठी होता, तर दुसरा त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याच्या पद्धतीविषयी. मिळकतीची काळजी कायद्याने घेतली; परंतु रुग्ण स्त्रीच्या शरीराचे लैंगिक अत्याचारापासून रक्षण हा त्यांचा विषय नव्हता. दंडविधानात तिचा स्पष्ट उल्लेख होण्यास पुढे १९८३ साल उजाडावे लागले.

संमतीचा प्रश्न

१८६० च्या भारतीय दंड संहितेत या बाबतीत एक आधार होता. मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम ज्या व्यक्तीला समजत नाहीत, तिने दिलेली संमती ही संमती नव्हे, असे कलम ९० मध्ये म्हटले होते. तथापि बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम ३७५ मध्ये अशा स्त्रीचा निर्देश नव्हता.

या कलमाच्या सुधारणेस चालना मिळाली ती तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज प्रकरणामुळे. पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपींना निर्दोष ठरविले. प्रतिकार नाही म्हणजे संमती आहे काय, असा प्रश्न देशभर विचारला गेला. त्यातून झालेल्या १९८३ च्या दुरुस्तीने मनोविकल स्त्रीची अजाण संमती बलात्काराच्या व्याख्येतच निरर्थक ठरविली. अधिकारपदाचा गैरफायदा घेऊन रुग्णालयातील स्त्रीवर बलात्कार करणाऱ्या तेथील कर्मचाऱ्यास किमान दहा वर्षांची शिक्षाही सांगितली.

शेजारच्या गोव्यातील एका खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अधिक स्पष्ट केली. पीडित मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. ती गर्भवती असल्याचे लक्षात आल्यावरच पालकांना प्रकार कळला. तक्रारीस विलंब झाला एवढ्यावरून ती अविश्वसनीय ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि अशा गुन्ह्यासाठी अधिक कठोर तरतुदीचा विचार व्हावा, असे सुचविले. २०१३ च्या दुरुस्तीने मानसिक वा शारीरिक अक्षमता असलेल्या स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठरविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये ही तरतूद कायम आहे.

जबाबाची पद्धत

शिक्षा वाढली तरी पीडितेचे म्हणणे समजले नाही तर खटला उभा राहत नाही. म्हणून २०१३ पासून अशा पीडितेची माहिती तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदविली जाते व तिचे चित्रीकरण केले जाते. दंडाधिकाऱ्यांसमोरील जबाब हीच सरतपासणी मानली जाते. त्यामुळे तोच प्रसंग तिला न्यायालयात पुन्हा सांगावा लागत नाही.

शस्त्रक्रिया हे संरक्षण नव्हे

१९९४ साली शिरूर येथील शासकीय गृहातील मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यावर मोठा वाद झाला. अशा शस्त्रक्रियेने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या स्वेच्छा व माहितीपूर्ण संमतीविना तिला वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करण्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मनाई केली आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

कोकणातील अनेक घरांतून कर्ते माणूस मुंबईस आणि अशी मुलगी वृद्ध आईवडिलांच्या आधारावर, अशी स्थिती असते. तेथे शेजारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांची दक्षता मोलाची ठरते. शोषणाचा संशय आल्यास २०१६ च्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांस, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांस, माहिती देऊ शकते. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना कळविणे बंधनकारक असून, ते न कळविणे हा गुन्हा आहे. असे प्रकरण गावकीत बसून, पैसे देऊन अथवा लग्न लावून मिटविण्याचा अधिकार कोणासही नाही. मुलगी बोलत नाही, विरोध करीत नाही, यावरून तिची संमती गृहीत धरता येणार नाही. तिचे म्हणणे समजू शकेल अशा व्यक्तीस बरोबर घेऊन पोलीस ठाण्याशी तत्काळ संपर्क साधणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.